रेघेचं उजवं टोक

अठ्ठावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढली, पण डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी चुकीचा चिमटा दिला, असं एकदाही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मला माझ्या कामाचा गर्व होता, आणि तो जरा जास्तच होता. दवाखान्यात सगळे मला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे पट्टीबाई. तेही मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पट्टीबाई हे नाव गेल्या वर्षी पडलं, आमच्या धाकट्या डॉक्टरबाईंनी दोन औषधांची तुलना करायला घेतली तेव्हा. अक्कलदाढ काढली की भूल उतरल्यावर ठणका लागतो. त्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच साधी गोळी दिली जायची. ती एकटी पुरते का, की तिच्या जोडीला दुसरी एक दिली तर माणसाला जास्त आराम पडतो, हे धाकट्या डॉक्टरांना बघायचं होतं. थोरल्या डॉक्टरांना वाटायचं पुरते, धाकट्यांना वाटायचं नाही पुरत. "वाटून काय उपयोग? मोजून सांगता आलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी कंबर कसली.

ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा काढायच्या होत्या, अशी तीस माणसं घ्यायची ठरली. पहिल्या खेपेला एक दाढ आणि एक पाकीट, महिन्याभराने दुसरी दाढ आणि दुसरं पाकीट. म्हणजे माणूस तोच, तोंड तेच, औषध तेवढं वेगळं. प्रत्येक पाकिटात दोन गोळ्या, दिसायला अगदी सारख्या. एका पाकिटातली एक गोळी खरी आणि एक नुसतीच खडूची असल्यासारखी, दुसऱ्यात दोन्ही खऱ्या. कोणत्या खेपेला कोणतं पाकीट, ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. त्याची यादी औषधं देणाऱ्या बाईंच्या कपाटात, कुलपात होती. सगळं संपल्यावरच ती उघडायची.

मागच्या खोलीत चार आरामखुर्च्या मांडल्या. भिंतीवर घड्याळ, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा. दाढ काढून झाली, ठणका सुरू झाला की पाकीट द्यायचं आणि माणसाला सहा तास तिथेच बसवायचं. दर तासाला त्याच्यापुढे एक कागद ठेवायचा. कागदावर दहा सेंटीमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला छापलेलं, 'अजिबात दुखत नाही'. उजव्या टोकाला, 'सगळ्यात जास्त दुखणं'. माणसाने मधे कुठेतरी फुली मारायची. मग मी पट्टी लावून ती फुली डाव्या टोकापासून किती मिलिमीटरवर आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. कोणाला सहन होत नसेल तर त्याने राखीव गोळी मागायची, आणि मागितली की काही न विचारता द्यायची.

रुग्णांशी काय बोलायचं, तेही धाकट्या डॉक्टरांनी छापून दिलं होतं. दोन वाक्यं. 'आत्ता तुम्हाला किती दुखतंय ते या रेघेवर फुली मारून दाखवा. राखीव गोळी केव्हाही मागू शकता.' बस. "ताई, एवढंच वाचायचं," त्या म्हणाल्या होत्या. "एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, अठ्ठावीस वर्षं मी माणसांशी बोलतेय, आता ही कालची पोर मला बोलायला शिकवणार.

दुसऱ्याच दिवशी एक बसड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, गालावर बर्फाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर मॅच. मी कागद पुढे केला तर पठ्ठ्याने मॅचवरची नजर न हलवता फुली मारली. मोजली. शहाण्णव. माझं डोकंच फिरलं.

"अहो, सगळ्यात जास्त दुखणं म्हणजे काय, कल्पना आहे का?" मी म्हटलं. "बाळंतपणाच्या कळा. ते हे उजवं टोक. आता सांगा, तुमची दाढ कुठे?"

तो ओशाळून हसला. बाकीच्या खुर्च्यांवरचेही हसले, म्हणजे सुजल्या गालांनी जेवढं हसता येतं तेवढं. मी त्याला नवा कागद दिला, जुना फाडून टोपलीत टाकला. नव्या कागदावर चाळीस. आता कसं, मी म्हटलं, हे खरं माप.

त्या दिवसापासून मी ते वाक्य सगळ्यांनाच आधीच सांगायला लागले. छापील दोन वाक्यं वाचायची आणि लगेच पुढे जोडायचं, "उजवं टोक म्हणजे बाळंतपणाच्या कळा, हं. नीट विचार करून मारा फुली." राखीव गोळीबद्दलही माझी पुस्ती असायची, "अगदीच जीव जात असेल तर मागा." तरीही कोणी फार उजवीकडे गेलं की मी नवा कागद द्यायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं कांगावा करतात, त्यांना मी रेघ समजावून देते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आकडे छान आले. वीस, पंचवीस, फार तर चाळीस. राखीव गोळी अठ्ठावन्न खेपांत चौघांनीच मागितली. धाकट्या डॉक्टर खूश. "ताई, तुमच्या खोलीत माणसं किती शांत असतात," त्या म्हणायच्या, आणि मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी दिवसभर हिंडायचे. थोरले डॉक्टर चहा पिता पिता म्हणाले, "दोन्ही पाकिटांत इतकं कमी दुखत असेल, तर आपली जुनी गोळीच पुरते की. उगाच दुसरी कशाला?" धाकट्या डॉक्टर जरा हिरमुसल्या, पण आकड्यांपुढे त्या तरी काय बोलणार? यादी उघडली आणि तसंच निघालं, तर यापुढे आमच्याकडे दाढ काढणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोळी देऊन घरी पाठवायचं, असं जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

तिसावं माणूस काही मिळेना. आणि घरात माझ्या सुनेच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या. मीच तिला गळ घातली.

माझी सून छापखान्यात मुद्रितं तपासते. छापायच्या आधीच्या कागदांवरून बोट फिरवत चुका काढायच्या, हे तिचं काम. मुलगी मितभाषी, सांगितलेलं शब्दशः करणारी. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण मोठ्याने भांडलेली मला आठवत नाही. मी एकटीच दोघींच्या वाटणीचं बोलते.

पहिल्या खेपेला ती माझ्याच खोलीत बसली. मी छापील वाक्यं वाचली, माझं वाक्य जोडलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल उचलली. बारा. पुढच्या तासाला पंधरा. मग चौदा, अकरा, नऊ, नऊ. राखीव गोळीचं नावही काढलं नाही. मी बाकीच्या तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ही माझी सून." घरी आल्यावर ती न जेवता, नुसतं गार दूध पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं, दाढ काढलेलं माणूस बोलणार तरी काय.

दुसरी खेप महिन्याभराने आली तेव्हा मी रजेवर होते. माझा मोतिबिंदू काढला होता. माझ्या जागी नवी नर्स बसली. चार दिवसांनी, डोळ्याला काळा चष्मा लावून मी कामावर गेले आणि आधी ते सहा कागद मोजायला घेतले.

एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. अकरा चाळीसला राखीव गोळी दिली. त्यानंतर बावन्न, सत्तेचाळीस, चाळीस, अडतीस.

मी पट्टी पुसून पुन्हा लावली. मग नव्या नर्सला बोलावलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

"चिठ्ठी नीट वाचलीस का?"

"वाचली ना, ताई. दर तासाला. दोन्ही वाक्यं."

"आणि पुढचं?"

"पुढचं कुठलं?" तिने चिठ्ठी उलटून मागची कोरी बाजू मला दाखवली.

मी काहीतरी पुटपुटून तिला जायला सांगितलं. मग मी स्वतःची समजूत घालत राहिले. पाकीट वेगळं असेल. पहिल्या वेळी चांगलं औषध, दुसऱ्या वेळी फुसकं. तुलना त्याचसाठी तर चाललीय. असं मी दोन दिवस घोकलं, पण घास गोड लागेना.

यादी सोमवारी अकरा वाजता उघडणार होती. रविवारी दुपारी मुलगा बाहेर गेला होता. सून जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसली होती. मी समोरची खुर्ची ओढली.

"दाढा काढल्या त्यात जास्त कोणती दुखली गं? पहिली की दुसरी?"

"पहिली," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरीही दुखलीच. पण पहिली जास्त."

"मग पहिल्या वेळी बारा-पंधरावर फुली कशी मारलीस?"

आता तिने बोट कागदावर तिथेच ठेवून वर पाहिलं. "तुम्ही सांगितलंत तशीच मारली, आई."

"मी काय सांगितलं?"

"उजवं टोक म्हणजे बाळंतपणाच्या कळा, असं म्हणालात. मला त्या माहीत आहेत." तिचा आवाज अगदी सपाट होता. छापखान्यातली एखादी चूक दाखवावी तसा. "त्या तिकडे ठेवल्यावर दाढेला कितीशी जागा उरते? बारा. पंधरा. नव्या नर्सबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. मग मी नुसती दाढ दाखवली."

मी तिच्या कागदावरच्या बोटाकडे बघत राहिले.

दीड वर्षापूर्वी तिला पाचवा महिना होता. दुपारी छापखान्यातच दुखायला लागलं. अकरा तास कळा दिल्या तिने, आणि बाळ हाती लागलं नाही. मी इस्पितळात गेले होते. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, "होतं असं पुष्कळांना. आता मनातून काढून टाक." घरी आणल्यावर तो विषय मी बंद करून टाकला. कोणी भेटायला आलं की दुसरंच काही काढायचं, मुलाने तोंड उघडलं तर त्याला डोळ्यांनी दटावायचं. तिच्या भल्यासाठी करतेय, असं मी समजत होते. आणि तिच्याच पुढे कागद धरून ते वाक्य मी बोलले, तेव्हा मला एवढंसुद्धा आठवलं नाही. पन्नासाहून जास्त खेपा, दर खेपेला सहा वेळा, वाक्य जिभेला पाठ झालं होतं. आपोआप बाहेर पडलं.

"दर तासाला तेच आठवत होतीस?" मी विचारलं.

"कागद आला की आधी ते आठवायचं, मग दाढ. सहा वेळा. तसंच करायला सांगितलं होतं ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावून काही टाकून बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती पुन्हा मुद्रितं वाचायला लागली.

सोमवारी मी साडेआठलाच दवाखान्यात पोचले. वाटेत मनाने एक पळवाट काढली होती. मी सगळ्यांनाच तेच वाक्य सांगितलं, दोन्ही पाकिटांच्या वेळी सांगितलं. मग दोन्हीकडे सारखीच चूक, तुलना तर बिघडली नाही? सात महिन्यांनी मी निवृत्त होणार. कशाला उकरून काढायचं? पण धाकट्या डॉक्टर आल्या, हातात फाइल, चेहरा परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखा, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बसड्रायव्हरपासून.

पळवाटही मी बोलून दाखवली. त्या थकल्यासारख्या खुर्चीत बसल्या.

"ताई, सगळ्यांचंच दुखणं तुम्ही आधीच दाबून टाकलंत, तर कोणत्या गोळीने ते जास्त कमी झालं हे दिसणार कुठे? दोन्ही सारख्याच दिसणार. आणि मग आपण म्हणणार, साधी पुरते." मग त्यांनी विचारलं, "फाडलेले कागद?"

"टोपलीत टाकले."

"किती?"

"आठ-दहा. जास्तही असतील."

त्या ओरडल्या नाहीत. नुसतं एवढंच म्हणाल्या, "तीस माणसं दोन-दोनदा सहा-सहा तास इथे बसली, ताई. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला." मी खाली मान घालून फरशीकडे बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांत त्या खोलीत मी कधी अशी उभी राहिले नव्हते.

यादी उघडायची नाही, असं ठरलं. सगळे आकडे बाजूला ठेवायचे आणि नव्या माणसांवर, नव्या नर्सला बसवून, पहिल्यापासून सुरू करायचं. काय घडलं ते मी माझ्या हाताने लिहून द्यायचं.

"पण तुमच्या लक्षात कसं आलं?" धाकट्या डॉक्टरांनी विचारलं. "सूनबाईंचे आकडे वेगळे आले म्हणून?"

"हो."

"काय म्हणाल्या त्या?"

आणि इथे, सगळं कबूल करून झाल्यावर, मी खोटं बोलले. "म्हणाली, सासूसमोर संकोच वाटला." निवेदनातही तेच लिहिलं, खाली सही केली. का, ते विचारू नका. एक लाज झाकायला दुसरी पांघरली, दुसरं काय.

संध्याकाळी सून कामावरून आली. मी तिला सांगितलं, सगळं कबूल केलं म्हणून. वर हेही सांगितलं, "तुझं ते काही मी काढलं नाही हं. संकोच वाटला, एवढंच लिहिलं."

ती हातपाय धुवायला निघाली होती, ती दारातच थांबली.

"संकोच? मी असं कुठे म्हटलं?"

"अगं, तुझी खाजगी गोष्ट. चारचौघांत कशाला..."

"माझी खाजगी, की तुमची?"

ती परत फिरली, माझ्या समोर येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"दीड वर्षात या घरात मला एकाने विचारलं नाही, किती दुखलं म्हणून. दाढेचं दर तासाला विचारलंत. पट्टी लावून मोजलंत. आणि ते एकदा कुठेतरी लिहिलं जाणार होतं, तर तिथे तुम्ही संकोच लिहिलात."

लाज म्हणजे काय, हे मला सकाळी कळलं असं वाटलं होतं. ते काहीच नव्हतं. हीच मुलगी अकरा तास कळा देऊन घरी आली, आणि तिला मनातून काढून टाक म्हणणारी मी. कांगावा करतात म्हणून माणसांचे कागद फाडणारी मी.

"किती दुखलं होतं गं?" मी विचारलं. फार उशीर झाला होता विचारायला, हे विचारतानाच कळत होतं.

तिने टेबलावरचा कोरा कागद आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"उद्या डॉक्टरांना नवीन लिहून द्याल?"

"देईन."

"मग लिहा. आणि मी म्हणेन तेच लिहायचं."

तिने छापखान्यातल्या दुपारपासून सुरुवात केली. टेबलाची कड धरून उभी राहिले तिथपासून, म्हणाली. मी लिहीत गेले. दोनदा माझ्या ओठांवर काहीतरी आलं, धीराचं, नेहमीचं. दोन्ही वेळा मी ते गिळलं. मुलगा आला, आम्हाला बघून दाराशीच उभा राहिला, आणि तिने त्याला खुर्ची दाखवली. कागद भरला तेव्हा मी उठून दुसरा आणला, कारण ती अजून चौथ्या तासापर्यंतच पोचली होती.